घंटी आधी घरात वाजली पायजे

मोत्या कुत्रा इतका माजला होता की त्याला आता उठून भुंकायचासुद्धा कंटाळा यायचा. दसऱ्यापासून रोज दुपारी हरणाबाईच्या घरची पहिली भाकरी त्याच्याच पुढ्यात पडत होती. खरं तर ती त्याची नव्हतीच. ती दारात येणाऱ्याची.

हा नेम हरणाबाईच्या सासूचा, साळूबाईचा. साळूबाईची अर्धी उमर मेंढरांमागं गेली. दुष्काळाच्या एका साली, मनुबाई नावाची तान्ही लेक पाठीशी बांधून ती कुठल्याशा गावात एका दारापुढं पाण्यासाठी उभी राहिली. आतून आवाज आला, ‘पुढं जा.’ तोंड दिसलं नाही, नुसता आवाज. पुढं औंधच्या अलीकडं माळाला लागून थोडी जमीन झाली, घर उभं राहिलं, भावकीत पहिल्यांदा कुणाच्या घराला चौकट बसली. त्या दिवशी चौकटीला हळदकुंकू लावून साळूबाईनं बिरोबाची आण घेतली, की या दारातनं कुणाला पुढं जा म्हणायचं नाही. पहिली भाकरी दारात येणाऱ्याची. दुपार कलेपर्यंत वाट बघायची, कुणीच आलं नाही तर कुत्र्याला घालायची, आणि मग घरच्यांनी तोंडात घास घालायचा.

सासू गेली, मागनं नवरा आप्पासो गेला, पण हरणाबाईनं नेम सोडला नाही. तशी ती मवाळ बाई. इतकी हळू बोलायची की समोरच्याला कान पुढं करावा लागायचा. पहाटेची अंघोळ, दारात सडा, रांगोळी, तुळशीला पाणी, यमाईपुढं दिवा, हे सगळं झाल्याशिवाय चहा नाही. नवरात्रात तर घराला कुलूप घालून ती औंधला यमाईच्या पायाशी जाऊन बसायची. पण यंदा दसऱ्याला परत आल्यापासून दारात माणूसच फिरकेना. दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला. आपलं काही चुकलं का, गाव आपल्यावर रुसलं का, असं रोज देवापुढं बसून ती विचारायची.

जरा बदल झाला होता हे खरं. लेक तानाजी सांगलीला बँकेत होता. पलीकडच्या वस्तीवर एका म्हातारीच्या गळ्यातलं चोरांनी ओढून नेलं, ते ऐकून त्यानं गणपतीच्या आधीच घराभोवती भिंत घातली, लोखंडी गेट बसवलं, अंगणभर पेव्हिंग ब्लॉक टाकले, आणि गेटाच्या खांबावर कॅमेऱ्याची घंटी लावली. कुणी बटण दाबलं की आत स्वयंपाकघरात टिंग-टाँग वाजणार आणि सांगलीत तानाजीच्या फोनवर येणाऱ्याचं तोंड दिसणार. वर तो तिथून बोलूही शकणार. पहिले काही दिवस ती आत वाजायची. मग हरणाबाईच्या कानावर ती आली नाही. कुणी येतच नसेल तर वाजणार कशी, असं तिला वाटलं.

त्या दिवशी ती परसात भांडी पालथी घालत होती. भिंतीवरून शेजारच्या स्वप्नालीनं डोकं वर काढलं. नवी सून, तोंडाची फटकळ, पण जिवाला जीव देणारी.

“काकू, मनुआत्या रुसल्यात का तुमच्यावर?”

“मनुवन्सं? आवं, त्या आल्यात कुठं अजून? वाटंकडं डोळं लावून बसलीया मी. येतील आज-उद्या मेंढरं घिऊन.”

“काल दुपारीच आल्त्या की! मी दळण घिऊन येत हुते. तुमच्या गेटाम्होरं उभ्या, काठी टेकून. बटण दाबा म्हणून मीच सांगितलं लांबनं. त्यांनी दाबलं. मग त्या खांबावरच्या डबीतनं आवाज आला.”

“कसला आवाज?”

स्वप्नाली जरा घुटमळली. “पुरुषाचा. म्हणला, ‘आई झोपलीय, पुढं जा.’ आत्या तशाच माघारी वळल्या. मला वाटलं तुमाला ठावं असंल.”

हरणाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. काल दुपारी ती झोपली नव्हती. चुलीपुढं बसून, पहिली भाकरी फडक्यात झाकून, कुणी येतंय का म्हणून वाट बघत होती. आणि साळूबाईच्या दारातनं साळूबाईच्याच लेकीला ‘पुढं जा’ झालं होतं. तोंड नाही, नुसता आवाज.

त्या दिवशीची भाकरी तिनं मोत्याला घातली नाही. फडक्यात बांधली, वर पिठलं घेतलं आणि तशीच चालू लागली.

गावातल्या लालासाहेबांच्या कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. घोडी बांधलेली, तिच्याजवळ घोंगडं टाकून मनुबाई एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. वय झालेलं, पण मान अजून काठीसारखी ताठ. पोरं-सुना मेंढरांमागं गेली तरी आपण घरी बसून राहणं तिला मान्य नव्हतं.

“वन्सं,” हरणाबाई म्हणाली.

मनुबाईनं मान वर केली नाही. “झोप झाली का?”

“मी झोपले न्हवते.”

“मग लेक खोटं बोलला म्हन.”

“त्येनं तुमाला वळखलं न्हाई.”

“त्या डबीत थोबाड दिसतंय म्हनत्यात. माझं दिसलं नसंल का? ह्याच पाठीवर घोंगड्यात बांधून हिंडवलाय त्याला. शेळीचं दूध पाजलंय. तवा मला लांबनं बघून हसायचा. आता जवळनं दिसंना झालं व्हय?”

हरणाबाईनं फडकं सोडलं. “भाकरी आनलीया. खावा.”

“ही दारातली भाकरी हाय, हरणे. आईच्या दारातली. ती रानात का आनलीस? मी काय भिकंला बसले?”

“मग दारात चला.”

आता मनुबाईनं वर बघितलं. डोळे कोरडे होते, पण त्यात जे होतं ते रडण्यापेक्षा वाईट. “दारानं मला जा म्हटलंय. ज्या तोंडानं जा म्हटलं, त्याच तोंडानं ये म्हनू दे. परवा सकाळी मेंढरं हलनार, कृष्णाकाठाला उसाची रानं मोकळी व्हाया लागलीत. वाट तुझ्या दारावरनंच हाय. बोलावलं तर वळंन. न्हाई तर सरळ जाईन, अन पुन्यांदा ह्या वाटंनं मेंढरू आनायची न्हाई. मीबी साळूबाईचीच लेक हाय.”

हरणाबाई उठली. फडकं बांधता बांधता पुटपुटली, “मग तवर मीबी जेवत न्हाई.”

“काय म्हनलीस?”

“काय न्हाई, वन्सं. येते.”

घरी आल्यावर ती आत गेली नाही. स्वतःच्याच गेटाबाहेर, पाहुण्यासारखी उभी राहिली. डोईवरचा पदर सारखा केला आणि बटण दाबलं. बटणाभोवती निळा उजेड गोल फिरला. डबी टुंगटुंगली. थोड्या वेळानं तानाजीचा आवाज आला.

“कोण आहे? अगं, आई! तू बाहेर काय करतेस? काही झालं का?”

“दारात कोन कोन येतंय ते बघाय आले.”

“म्हणजे?”

“तान्या, हे बटन दाबलं की तुला सांगलीत कळतं. मला चुलीपाशी का कळत न्हाई?”

 मग तो म्हणाला, “अगं, आतली घंटी जोडलेली असली की कॅमेरा बंद पडायचा. गुंडा वायरमननं तिची जोडणी काढून टाकली दसऱ्यानंतर. मीच म्हटलं, असू दे, मला फोनवर कळतंच आहे. तुझी तरी दुपारची झोप मोडायला नको.”

“मला कोन बोललं न्हाई.”

“राहून गेलं असेल.”

“दसऱ्यापास्नं जी जी मानसं आली, त्यास्नी काय सांगितलंस?”

“कोण येतं गं? अगरबत्तीवाले, डोक्यावर टोपलीत देवीचा जग घेऊन फिरणारे, पाणी मागणारे. एकटी बाई आहे हे कळलं की…”

“कालच्या दुपारचं बघ. त्यात चित्र राहतं म्हनला हुतास न्हवं? बघ. मी उभी हाय.”

निळा उजेड फिरत राहिला. रस्त्यानं उसाची एक बैलगाडी गेली. हरणाबाई खांबाकडं तोंड करून तशीच उभी होती, देवळात उभी राहावी तशी.

“आई,” बऱ्याच वेळानं आवाज आला, आणि तो आता खाली उतरला होता. “मी मीटिंगमध्ये होतो गं. फोनवर एवढंसं दिसतं. काठी दिसली, घोंगडं दिसलं. मला वाटलं कुणी मागायला आलंय.”

“मागायलाच आल्ती. तुझी आजीबी मागायलाच उभी ऱ्हायली हुती.” तिचा आवाज वर गेला नाही, पण आज कुणाला कान पुढं करायची गरज पडली नसती. “घंटी आधी घरात वाजली पायजे. मग तुझ्याकडं.”

“अगं पण कॅमेरा बंद पडला तर मला इथं झोप लागणार नाही. आधीच सांगतो, कॅमेरा चालणार नसेल तर तुला तिथं एकटीला ठेवायचो नाही मी. सरळ सांगलीला घेऊन येईन.”

“कॅमेराबी चालू दे, घंटीबी वाजू दे. दोन्ही पायजेत,” असं म्हणून तिनं गेट उघडलं आणि आत गेली.

संध्याकाळी तिनं स्वप्नालीला बोलावलं. मेन स्विच पाडून दोघींनी स्वयंपाकघरातल्या घंटीचं झाकण काढलं. खांबावरून आलेली वायर आणि ट्रान्सफॉर्मरची वायर, दोन्ही घंटीच्या बाहेरच एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. आत काहीच जात नव्हतं.

“ही तर देवाच्या फोटोवानी नुसती भिंतीवर हाय, काकू!”

“देवाला नुसता म्हनू नये,” हरणाबाई म्हणाली. पण त्या काळ्या टेपेवरून तिची नजर हटेना. एवढ्याशा टेपेनं तिचं दार दुसऱ्याच गावाला नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुंडा वायरमनला फोन लावला. गुंडा बाजारपेठेत पंख्यांपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं दुरुस्त करायचा, आणि प्रत्येक गोष्टीला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचा.

“मावशी, घंटी लय करंट खाती. मोठा ट्रान्सफॉर्मर लागंल. साताऱ्यास्नं मागवतो. पुढच्या आठवड्यात बघू.”

“आज बघ, बाळा.”

“आज कसं व्हईल? तानाजीदादांचं काय म्हननं हाय?”

“दार माझं हाय.”

“आवं पन फोन दादांच्या…” गुंडा काही तरी बोलत राहिला. हरणाबाईनं फोन ठेवला.

मग तिनं जे केलं ते गावानं कधी बघितलं नव्हतं. गेटाची दोन्ही दारं तिनं सताड उघडली, दोन्हींना दगड लावले, मधोमध घोंगडं टाकलं, आणि भाकऱ्यांची दुरडी, पाण्याची कळशी शेजारी घेऊन तिथं बसली. हातात जपमाळ, तोंडात बिरोबाचं नाव. अगरबत्तीवाला आला, त्यानं भाकरी खाल्ली. बाजारावरून येणाऱ्या दोघी बायका टेकल्या, पाणी प्याल्या. कुरिअरवाल्याला काही नको होतं, पण इतका आग्रह झाला की त्यालाही बसावं लागलं. हरणाबाईनं स्वतः मात्र घोटभर पाण्यापलीकडं काही घेतलं नाही, आणि ते एकट्या स्वप्नालीच्या ध्यानात आलं. मोत्या दुरडीकडं बघून बघून पाय पसरून झोपला.

गावातले नाथाजी नाना रानातनं परतत होते. ते थबकले. “काय हरणाबाय, उपोषन का काय?”

“न्हाई, भावजी. दार उघडलंय.”

तेवढ्यात खांबावरची डबी बोलली. “आई, काय चाललंय हे? गेट लाव आधी.”

नाना एक पाऊल मागं सरले. “आयला, खांब बोलतोय!”

“खांब न्हवं. तानाजी हाय.”

“तानाजी? तो सांगलीत असतो न्हवं?”

“सांगलीतच हाय.”

“मग हितं कसं काय बोलतोय?” नानांनी खरोखर न कळून विचारलं. टेकलेल्या बायका फिस्सकन हसल्या.

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. एवढे दिस तू एकटाच बघत हुतास.”

“गेट लाव म्हणतोय ना मी!”

“न्हाई लावत.” तिनं माळेचा मणी पुढं सरकवला. “घंटी जोडल्याबिगर गेट लागनार न्हाई. रातभर असंच ऱ्हाईल. तुला झोप न्हाई लागली तर ऱ्हाऊ दे, मलाबी लागत न्हाई.”

 नाना जाता जाता खांबाला म्हणाले, “गड्या, आईचं ऐक.” आणि आपण खांबाशी बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच ओशाळले.

दुपार कलताना गुंडाची फटफटी गेटासमोर थांबली. तानाजीनंच त्याला फोन केला होता, आणि पुढचा आठवडा हा शब्द काढायचा नाही असं बजावलं होतं. गुंडा घोंगड्याला वळसा घालून आत गेला. काळी टेप सोडली, वायरी घंटीच्या आत घेतल्या. स्वप्नालीनं बाहेरून बटण दाबलं. स्वयंपाकघरात टिंग-टाँग झालं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून हरणाबाईनं नकळत हात जोडले.

“वाजली,” गुंडा म्हणाला, “पन सकाळी बघा तुमी. कॅमेरा पडनारच. तवाबी रोज सकाळीच पडायचा. म्हनून तर काढली.”

“सकाळीच का?”

“आता सकाळी म्हंजे… मोटारी चालू असत्यात शिवारात. व्होल्टेज ढिलं. त्यात ही घंटी करंट खानार.”

हरणाबाईनं माळेचे दोन मणी ओढले. मग खांबाकडं तोंड करून म्हणाली, “तान्या, नवरात्रात पडायचा का रं कॅमेरा?”

“नवरात्रात?” तानाजी आठवत होता. “नाही. एकदाही नाही. घर बंद होतं म्हणून मी रोज सकाळी उठल्या उठल्या बघायचो. दसऱ्यानंतर परत सुरू झालं, तेव्हा तर गुंडाला बोलावलं.”

“मोटारी तर नवरात्रातबी चालू हुत्या,” स्वप्नाली म्हणाली. “आमचीबी हुती की.”

“घंटीबी जोडलेलीच हुती,” हरणाबाई म्हणाली. “मग नवरात्रात काय न्हवतं?”

गुंडानं डोकं खाजवलं. “काय न्हवतं?”

“मी न्हवते.”

तिची नजर खांबाच्या बुडाशी गेली. ब्लॉकच्या फटींमधली ओल अजून काळसर दिसत होती, आणि त्यावर सकाळची गोपद्मं निम्मी पुसलेली. पेव्हिंग ब्लॉक टाकले तेव्हा आता सडा कशाला, असं तानाजी म्हणाला होता. तिनं ऐकून घेतलं होतं आणि रोज पहाटे सडा टाकतच राहिली होती. “मी न्हवते म्हंजे सडा न्हवता. गुंडा, तुझी वायर कुठनं जाती?”

“ब्लॉकखालनं. वायर जराशी कमी पडली, म्हनून एक जॉइंट मारलाय मधी.”

“कुठं?”

गुंडानं चपलेचं टोक पुढं केलं आणि तिथंच थांबवलं. ते नेमकं रांगोळीवर आलं होतं.

ब्लॉक उचलला. खाली ओली माती, आणि तीत पिळलेल्या तारांचा तो जॉइंट, टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. रोज पहाटे सडा त्याच्यावर झिरपत होता आणि करंट मातीत जिरत होता. घंटी मधनं काढल्यावर उरलेल्या करंटवर कॅमेरा कसाबसा तगून राहायचा, एवढंच. घंटीनं काही खाल्लं नव्हतं.

गुंडानं तार बोटात धरून बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. “मग सोप्पं हाय, मावशी! मोठा ट्रान्सफॉर्मर बी नको. तुमी फकस्त सडा टाकायचं बंद करा.”

“हो आई,” डबीतनं तानाजी घाईघाईनं म्हणाला, “तसंही ब्लॉक घातल्यावर सड्याची गरजच काय?”

हरणाबाई उठून उभी राहिली. भुकेनं तिला किंचित गरगरलं, तिनं खांबाला हात लावला. “सडा पडनार,” ती म्हणाली. “रोज पडनार. हितंच पडनार. वर रांगोळीबी निघनार. जॉइंट वर घे, गुंडा. तार कमी पडत असंल तर लांब आन. दाराला जॉइंटाच्या सोयीनं वागायला सांगू नगंस.”

गुंडानं एकदा डबीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.  “तसं करतो,” तो म्हणाला. फटफटीवरून जाऊन नवी तार आणली, सलग एकच, पाइपातनं ओढली. जोड फक्त खांबावर, उंचावरच्या बंद डबीत, स्क्रू आवळून. उजेड होता तोवर काम उरकलं. हरणाबाईनं त्याला चहा दिला, भाकरी दिली. त्यानं न बोलता दोन्ही संपवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं अंघोळ केली, बादली भरली आणि दारात आली. नेहमी ती हातानं शिंपडायची. आज अख्खी बादली खांबाच्या बुडाशी रिकामी केली. पाणी फटींतनं आत गेलं. मग ती खाली बसली आणि सावकाश, एकेक रेघ ओढत, गोपद्मं काढली. वर बघायचं तिनं मुद्दाम टाळलं. रांगोळी पुरी झाल्यावर मान वर केली.

डबीवरचा निळा ठिपका जागच्या जागी होता.

“चालू आहे, आई,” तानाजीचा आवाज आला. तो पहाटेपासून फोन घेऊन बसला असावा.

“दिसतंय मला.” ती हात झटकत उठली. “आता मी गेट लावून आत जाते. मेंढरं याय लागलीत. काय बोलायचं ते तुझं तुला ठावं.”

गेटाला कडी घालून ती चुलीपुढं बसली. पहिली भाकरी तव्यावर टाकली. लांबून घुंगरांचा आवाज येत होता, मग मेंढरांचं बेंबटणं, मग धुळीचा वास. कळप दाराशी आला. उठून पळत बाहेर जावं असं तिच्या पायांना वाटत होतं, पण ती हलली नाही. तिनं बोलावून चालणार नव्हतं. मेंढरं जात होती, जातच होती. आवाज दारापुढनं सरकून वळणाकडं निघाला. घंटी काही वाजेना. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली आणि करपल्याचा वास आला.

तेवढ्यात बाहेर कुणी तरी ओरडलं. इतक्या मोठ्यानं की मोत्या दचकून उभा राहिला.

“आत्या! ओ मनुआत्या! थांब!”

डबी एवढ्या जोरात बोलू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं. मेंढरं बुजली, घोडीनं कान टवकारले. मनुबाई वळणावर थांबली. मागं आली.

“कोन हाक मारतंय?”

“मी, तानाजी. आत्या, मी बघून न बघितल्यासारखं केलं. चुकलो. आजीचं दार आहे, आत ये.”

“आज झोपली न्हाई व्हय तुझी आई?”

“ती परवापासून जेवली नाही, आत्या. स्वप्नालीवहिनीनं सांगितलं मला आज. तू आत आल्याशिवाय ती जेवणार नाही.”

 आणि मग स्वयंपाकघरात घंटी वाजली. टिंग-टाँग. टिंग-टाँग. टिंग-टाँग, टिंग-टाँग, टिंग-टाँग! मनुबाईनं बटणावरचं बोट काढलंच नाही. भिंतीवरची ती घंटी थरथरत होती आणि तिच्याकडं बघत हरणाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. मग ती उठली, तव्यावरची भाकरी खाली घेतली, आणि दाराकडं निघाली.

गेट उघडलं. मनुबाई काठी उगारूनच उभी. “उपाशी ऱ्हाऊन मला पाप लावाय निघालीस व्हय गं? तोंडानं सांगता येत न्हाई? रानात काय पुटपुटत हुतीस?”

“सांगितलं हुतं. तुमाला ऐकू आलं न्हाई.”

“तुझं कुनाला ऐकू आलंय कवा!” मनुबाईनं ओल्या रांगोळीला वळसा घालून उंबरा ओलांडला. आत जाताना चौकटीला हात लावून तो हात कपाळाला लावला. करपलेली भाकरी तिनं हातानं मोडली, अर्धी हरणाबाईच्या हातात दिली, आणि तिनं पहिला घास घेतल्यावरच स्वतःची अर्धी तोंडाला लावली.

“आत्या,” गेटावरनं आवाज आला, “कृष्णाकाठाला जातेस तर सांगलीला पण ये की. मी घ्यायला येतो. आणि आई, आता कॅमेऱ्याचं असं करू, की कुणी आलं तर मी आधी विचारतो…”

हरणाबाई घास गिळून दारात आली. नेहमीच्याच आवाजात, अगदी हळू, ती खांबाला म्हणाली, “तू बघ, तान्या. लागंल तेवढं बघ. पन बोलू नगंस. दार उघडनारी घरात हाय.”

डबीला ते नीट ऐकू गेलं. निळा उजेड एकदा फिरला आणि विझला.

मोत्या बराच वेळ गेटात बसून भाकरीची वाट बघत राहिला. आज काही त्याच्या पुढ्यात पडणार नाही हे उमगल्यावर तो कुरकुरत उठला, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, रस्त्यावरच्या घोडीवर, छाती काढून भुंकला.